निजलेला संगणक जागा होईना तेव्हां

निजलेल्यास जागें करतां येतें, पण निजल्याचें सोंग घेतलेल्यास करतां येत नाहीं, अशा अर्थाची म्हण मराठींत सर्वांच्या तोंडीं आहे. घरांतील टेबलावरच्या संगणकानें या म्हणीस एक तिसरा प्रकार जोडून दिला आहे. तो खरोखरीच निजलेला असतो, सोंग म्हणून कांहीं नसतें, आणि तरीहि कांहीं केल्या तो उठत नाहीं.

सोलापुरांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. वैशाखांतील दुपार आहे आणि पारा ४० अंशांच्या पुढें गेला आहे. घरांतील सूनबाई चादरी व टॉवेल यांच्या चार लहान व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब ठेवतात. महिन्याची १९ तारीख आहे. मासिक विवरणपत्राची मुदत २० ला संपते. जेवावयास उठतांना त्यांनीं संगणक बंद केला नाहीं, 'स्लीप'वर टाकला. मध्यंतरीं दीड-दोन तास वीज गेली व आली. चार वाजतां येऊन त्यांनीं माउस हलविला, तों पडदा काळाच. कळफलकाच्या कळा दाबल्या. हूं कीं चूं नाहीं.

“सूनबाई, यंत्र गेलेलें दिसतें. नव्या पेठेंत दुरुस्तीला टाकून येऊं का?” सासऱ्यांनीं विचारलें.

“थांबा हो बाबा, सकाळपासूनचें काम आंत अडकलें आहे,” एवढेंच उत्तर आलें.

श्रोत्यांपैकीं अनेकांनीं हा प्रसंग स्वतःच्या घरीं अनुभवला असेल. अशा वेळीं दोन चुका होण्याचा संभव असतो. एक म्हणजे रागाच्या भरांत बटण पुनःपुन्हां दाबीत राहणें. आणि दुसरी, तिच्याहून मोठी, म्हणजे यंत्र उचलून दुकानांत नेणें व तेथें कोणीं सहज 'फॉर्मॅट करून देतों' म्हटलें असतां मान डोलावणें. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर संगणकाची झोप म्हणजे नेमकें काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कारण अर्धा दोष यंत्रांत असतो आणि अर्धा त्याच्याविषयींच्या समजुतींत.

सोलापूरकरांस मागाचा दृष्टांत सहज पटण्यासारखा आहे. विणकर जेवावयास उठतो तेव्हां माग थांबतो, पण ताणा तसाच ताणलेला राहतो, अर्धी विणलेली चादर जागच्या जागीं असते आणि धोटा जेथें थांबला तेथेंच पडून असतो. तासाभरानें येऊन विणकर पुढचाच दोरा घालतो. संगणकाची 'स्लीप' ही अवस्था अशी आहे. आतां दुसरी कल्पना अशी करावी, कीं विणकरानें नक्षी, रंग, दोऱ्यांची मोजणी, काम कोठवर आलें, हें सर्व वहींत बारकाईनें टिपून ठेवलें, माग मोकळा केला आणि कारखान्यास कुलूप लावलें. परत आल्यावर वहीवरून तीच चादर त्याच दोऱ्यापर्यंत पुन्हां उभी केली. असला खटाटोप कोणी विणकर करणार नाहीं. संगणक मात्र करतो, आणि त्यास 'हायबरनेट' म्हणतात. तिसरी अवस्था म्हणजे चादर कापून काढून माग रिकामा करणें, अर्थात् 'शट डाउन'. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं डिसेंबर १९९६ मध्यें एसीपीआय नांवाची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यांत या अवस्थांस क्रमांक दिलेले आहेत: झोपेला एस-३, हायबरनेटला एस-४ आणि बंद स्थितीला एस-५.

या भेदांचें मूळ स्मृतीच्या स्वभावांत आहे. संगणकाजवळ दोन प्रकारची स्मृति असते. एक डिस्क, ती वहीसारखी असून वीज असो वा नसो, तिच्यावर लिहिलेलें राहतें. दुसरी रॅम, चालू काम हिच्यांत असतें, आणि ही पाझरणाऱ्या घागरींसारखी आहे. आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ मध्यें जिचें पेटंट मिळालें, त्या रचनेंत माहितीच्या प्रत्येक कणासाठीं एक ट्रान्झिस्टर व एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. ८ गिगाबाइट रॅममध्यें असे सुमारें ६,८७० कोटी कप्पे भरतात. कप्प्यांतील वीज झिरपून जात असल्यामुळें प्रत्येक कप्पा साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावा लागतो, म्हणजे सेकंदास पंधरा वेळांहून अधिक. उजनीच्या पाण्याची दिवस मोजून वाट पाहिलेल्या सोलापूरकरांस पाणी भरण्याची ही घाई नवलाची वाटेल! संगणक निजतो तेव्हां त्याचा प्रोसेसर, पंखे, डिस्क, पडदा हीं सर्व थांबतात. घागरी भरण्याचें हें काम मात्र चालूच असतें.

त्यासाठीं वीज कोठून येते? संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटमध्यें मागील बाजूस जो डबा असतो आणि ज्यास बाजारांत एसएमपीएस म्हणतात, त्याचे वस्तुतः दोन भाग आहेत. मोठा भाग यंत्र चालू असतांना काम करतो. दुसरा अगदीं लहान. इंटेलनें १९९५ मध्यें ठरविलेल्या एटीएक्स या पद्धतीपासून तो सर्वत्र आला. भिंतींतील प्लग लावलेला असेपर्यंत हा लहान भाग ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह मदरबोर्डला अखंड पुरवीत राहतो. देव्हाऱ्यांतील नंदादीप रात्रीं सर्व घर निजलें तरी तेवत असतो, तसा हा. निजलेल्या संगणकाच्या माउसचा तांबडा दिवा कधीं कधीं लागलेला दिसतो, तो याच प्रवाहावर.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व परीक्षा तिच्यावर अवलंबून आहे. कॅबिनेटवरचें बटण हें दिव्याच्या बटणासारखें नाहीं. दिव्याचें बटण विजेचा मार्ग जोडतें किंवा तोडतें. संगणकाचें बटण केवळ दारावरची घंटा वाजवितें. ती घंटा ऐकणारा पहारेकरी मदरबोर्डवर नंदादीपाच्या उजेडांत बसलेला असतो. घंटा ऐकली म्हणजे तो एसएमपीएसच्या मोठ्या भागास 'चल' म्हणून खूण करतो आणि मग यंत्र हालतें. पहारेकऱ्याचा दिवा विझला असेल, किंवा त्यालाच भोंवळ आली असेल, तर घंटा कितीहि बडविली तरी दार उघडावयाचें नाहीं.

आतां वरील घरांत दुपारीं काय घडलें याचा उलगडा होऊं शकतो. क्षणभर वीज लुकलुकली तर निजलेल्या यंत्रास तिचा पत्ताहि लागत नाहीं. एसएमपीएसमध्यें साठलेल्या विजेवर तेवढा वेळ सहज निभावतो, कारण झोपेंत यंत्राची भूक अवघ्या कांहीं वॉटची असते. दोन तास वीज जाणें ही गोष्ट निराळी. नंदादीप विझला, घागरी रिकाम्या झाल्या, मागावरची अर्धी चादर नाहींशी झाली. वीज परत आली तेव्हां यंत्र निजलेलें राहिलें नव्हतें. तें पूर्ण बंद झालेलें होतें. पूर्ण बंद असलेलें यंत्र पुष्कळ घरीं माउस हलवून किंवा कळ दाबून उठतच नाहीं, त्याला कॅबिनेटवरचेंच बटण दाबावें लागतें. म्हणजे जी तक्रार 'संगणक मेला' म्हणून सांगितली जाते, तिच्यांत कित्येकदां बिघाड असा नसतोच. वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावें कीं बंद राहावें, हें बायॉसमध्यें जसें ठरविलेलें असतें तसें यंत्र वागतें. त्याच बायॉसमध्यें ईआरपी नांवाची एक सोय पुष्कळ मदरबोर्डांवर असते. युरोपीय संघानें बंद यंत्रांच्या वीजभक्षणावर २०१० पासून १ वॉट व २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली, तिच्यामुळें ती आली. ती चालू असेल तर यंत्र बंद असतांना माउस व कळफलक यांचा प्रवाहच तोडला जातो, आणि मग माउस हलवून यंत्र उठेल ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

मग सकाळपासूनचें काम? जें काम जतन करून डिस्कवर गेलें होतें त्यास धक्का लागत नाहीं. तें वहींत लिहिलेलें आहे. यंत्राचा पंखा न फिरला, पडदा न उजळला, मदरबोर्ड जळून गेला, तरीहि डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली म्हणजे तें बहुधा जसेंच्या तसें मिळतें. जें काम केवळ रॅममध्यें होतें त्याची गोष्ट वेगळी. सुदैवानें विंडोज चालणाऱ्या पुष्कळ टेबलावरच्या यंत्रांत 'हायब्रिड स्लीप' ही सोय मुळापासून चालू असते. तिच्यांत संगणक निजण्यापूर्वीं रॅममधील सर्व मजकुराची एक नक्कल डिस्कवर उतरून ठेवतो आणि मगच निजतो. वीज गेली नाहीं तर रॅममधून चटकन् उठतो, गेली तर नकलेवरून सावकाश उठतो. हें शांतपणें ध्यानांत घेतलें म्हणजे घाई करण्याचें कारण उरत नाहीं, आणि घाई न करणें हाच या प्रकरणांतील निम्मा उपाय आहे.

यंत्रापुढें बसल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: हें निजलें आहे, बंद आहे, कीं जागें असून केवळ डोळे मिटून बसलें आहे? याची परीक्षा सोपी आहे. कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबावी. तिचा लहानसा दिवा लागला, पुन्हां दाबतां विझला, तर संगणक जागा आहे; आंधळा झाला आहे तो पडदा. मग प्लग ओढण्याची चूक मुळींच करूं नये, कारण तसें केल्यास जिवंत असलेलें काम हातानें मारल्यासारखें होतें. पडद्याचें स्वतःचें बटण बंद करून चालू करावें, त्याची तार दोन्ही टोकांस काढून घट्ट बसवावी. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या असतां चित्र काढणारा विभाग नव्यानें सुरू होतो. क्षणभर पडदा लुकलुकतो आणि पुष्कळदां सर्व जसेंच्या तसें समोर येतें. एवढ्यावर भागलें तर इतर कांहीं करावयास नको.

दिवा लागत नाहीं, पंखा फिरत नाहीं, बटणासहि उत्तर नाहीं, अशी अवस्था असेल तर पहारेकऱ्यास भोंवळ आली आहे असें समजावें. झोपेंतून उठतां उठतां विजेंत चढउतार झाला, किंवा एसएमपीएसमधील संरक्षक योजनेनें एकदां दार लावून घेतलें, म्हणजे ती योजना थोडा प्रवाह मिळत असेपर्यंत तशीच अडून राहते. तिला सोडविण्याचा उपाय म्हणजे यंत्र खरोखर रिकामें करणें. भिंतींतील बटण बंद करून प्लग ओढून काढावा. माउस, कळफलक, छपाईयंत्र, पेन ड्राइव्ह, आणि विशेषतः यूएसबीच्या खाचेंत भार भरण्यासाठीं अडकविलेला मोबाईल, हीं सर्व काढावीं. कारण त्या मोबाईलला झोपेंत जी वीज मिळते ती त्याच लहानशा नंदादीपांतून ओढलेली असते, आणि तेवढ्या तेलावर फार पाहुणे पोसले जात नाहींत. मग प्लग काढलेल्या स्थितींतच कॅबिनेटवरचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें. यंत्रांत उरलेली वीज या वेळांत निघून जाते. पांच-दहा मिनिटें वाट पाहून प्लग एक्स्टेन्शन बोर्डांत न लावतां थेट भिंतींतील तीन छिद्रांच्या सॉकेटमध्यें लावावा आणि बटण एकदांच, क्षणभर दाबावें. हा उपाय इतका साधा आहे कीं दुरुस्ती करणारासहि तो सांगतांना संकोच वाटतो. तथापि झोपेंतून न उठणारीं कित्येक यंत्रें एवढ्यानेंच उठतात. मात्र प्लग काढण्यापूर्वीं एवढें मनाशीं धरावें, कीं जतन न केलेलें काम आतां केवळ डिस्कवरील नकलेच्या भरंवशावर आहे.

याहि उपायानें यंत्र हाललें नाहीं तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. आणि सोलापुराच्या हवेंत या संशयास सबळ कारण आहे. एसएमपीएसमध्यें व मदरबोर्डवर लहान नळकांड्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यांत एक द्रव असतो आणि उष्णतेनें तो हळूहळू वाळत जातो. साधारण अडाखा असा आहे, कीं तापमान १० अंशांनीं वाढलें म्हणजे कपॅसिटरचें आयुष्य निम्में होतें. एखाद्या कपॅसिटरवर १०५ अंशांस २,००० तास असें लिहिलेलें असेल, तर ६५ अंशांस तो सुमारें ३२,००० तास टिकेल आणि ५५ अंशांस ६४,०००. एका वर्षांत ८,७६० तास असतात. ज्या यंत्राचा प्लग बाराहि महिने काढला जात नाहीं त्यांतील नंदादीपाच्या बाजूचा कपॅसिटर, संगणक दिवसाकाठीं दोनच तास चालविला जात असला तरी, रात्रंदिवस तापत असतो. ६५ अंशांच्या हिशेबानें तो साडेतीन वर्षांत थकतो, ५५ अंशांच्या हिशेबानें सात वर्षें निघतात. खोलींत २८ अंश असणें आणि ३८ अंश असणें यांतला फरक कॅबिनेटच्या आंत असा आयुष्याच्या वर्षांत उतरतो. भिंतीला चिकटवून, वर पुस्तकांचा ढीग रचून, दुपारच्या उन्हाच्या खिडकीखालीं ठेवलेल्या यंत्राबद्दल अधिक काय सांगावें! या शतकाच्या आरंभीं तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या यंत्रांत गेले होते आणि माथीं फुगलेल्या नळकांड्यांनीं हजारों मदरबोर्ड निकामी झाले. तो प्रकार आतां मागें पडला, परंतु उष्णतेचा नियम बदललेला नाहीं.

हा रोग एकाएकीं येत नाहीं. महिना-दोन महिने आधींपासून यंत्र सकाळीं दोनदां-तीनदां बटण दाबल्यावर सुरू होऊं लागतें. झोपेंतून उठतांना पंखा फिरून थांबतो, पुन्हां फिरतो. एकदां सुरू झालें कीं दिवसभर तक्रार नसते. घरचीं माणसें याची संवय करून घेतात आणि एके दिवशीं तें मुळींच उठत नाहीं. अशा वेळीं दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणें हीच खरी परीक्षा होय, आणि ती जाणत्या कारागिरानें करावी. घरच्या कोणीं हौसेनें एसएमपीएसचा डबा उघडूं नये. २३० व्होल्टची वीज त्यांत शिरल्यावर सुमारें ३२५ व्होल्टच्या दाबानें साठविली जाते आणि प्लग काढल्यावरहि ती कांहीं काळ तशीच दबा धरून राहूं शकते. कॅबिनेटचें झांकण काढणें निराळें आणि त्या डब्याचे स्क्रू सैल करणें निराळें. पहिल्यांत धोका नाहींसा, दुसऱ्यांत जिवाचा.

पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच राहतो आणि कॅप्स लॉकचा दिवाहि हूं म्हणत नाहीं, असा एक मधला प्रकार आहे. येथें पहारेकरी जागा आहे, मोठा एसएमपीएसहि कामास लागला आहे; अडलें आहे तें स्मृतीपाशीं. झोपेंतून उठतांना संगणक रॅममधील मजकूर जशाचा तसा उचलूं पाहतो, आणि रॅमची पट्टी खाचेंत जरा सैल असली किंवा तिच्या सोनेरी दांतांवर मळ बसला असला कीं तेथेंच अडखळतो. सोलापुरांत पूर्व भागासारख्या वस्तीमध्यें, जेथें घराशेजारींच माग चालतात, तेथें कापसाचा बारीक तंतू हवेंत असतोच. पंख्यांच्या ओढीनें तो कॅबिनेटमध्यें शिरतो आणि पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरवरील धातूच्या पापुद्र्यांत त्याचा गालिचा जमतो. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवून, रॅमच्या पट्ट्या काढाव्या, त्यांचे दांत स्वच्छ मऊ खोडरबरानें हलके पुसावे, रबराचा भुगा झटकून टाकावा आणि पट्टी दोन्ही टोकांस खट्‌ असा आवाज होईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एकीवर यंत्र उठलें आणि दुसरीवर नाहीं, तर दोषी कोण हें निराळें सांगावयास नको. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक ३ व्होल्टचा सेल असतो. यंत्राचें घड्याळ वारंवार कित्येक वर्षें मागें जात असेल तर तो संपला आहे. त्याची किंमत किरकोळ असते; बदलून टाकावा.

शेवटला प्रकार दिसावयास सर्वांत सौम्य आणि वेळ खाण्यांत सर्वांत वाईट. कंपनीचें चिन्ह उमटतें, ठिपके गोल फिरूं लागतात, आणि फिरतच राहतात. येथें लोखंड, तांबें, वीज यांपैकीं कशांतहि दोष नाहीं. डिस्कवर उतरलेली जी नक्कल, तीच अर्धवट किंवा बिघडलेली आहे. नक्कल उतरत असतांनाच वीज गेली म्हणजे असें होतें. येथें आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. २०१२ मध्यें आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आहे; ती चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावरहि संगणक पूर्ण रिकामा होत नाहीं. उघडलेलीं कामें तो मिटवितो, परंतु स्वतःच्या गाभ्याची नक्कल डिस्कवर ठेवून जातो आणि दुसऱ्या दिवशीं तीच वाचून उठतो. यामुळें रोज रात्रीं नेमानें बंद केलेला संगणकहि आदल्या दिवसाचा बिघाड घेऊन उठूं शकतो, आणि 'रिस्टार्ट' म्हटल्यावर मात्र बरा होतो. बंद करण्यापेक्षां पुन्हां सुरू करणें हें अधिक पूर्ण बंद करणें आहे, ही गोष्ट विचित्र असली तरी खरी आहे.

अशा यंत्रास सोडविण्यासाठीं ठिपके फिरूं लागतांच बटण दाबून धरून तें बंद करावें. असें लागोपाठ दोन-तीनदां घडलें म्हणजे विंडोज स्वतःच ओळखतें, कीं कांहीं तरी बिनसलें आहे, आणि दुरुस्तीचा निळा पडदा उघडतें. तेथून 'सेफ मोड'मध्यें जावें, आणि यंत्र उठल्यावर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी. नव्या यंत्रांत या वाटेवर एक अनपेक्षित नाकें लागूं शकतें. डिस्कवरील मजकूर बिटलॉकर या योजनेनें कुलूपबंद केलेला असला तर पडद्यावर ४८ आंकड्यांची किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. परंतु संगणक बंद असतां ती शोधावयाची म्हणजे मोबाईलवर त्या खात्याचा पासवर्ड आठवला पाहिजे. हे आंकडे आजच कागदावर उतरवून कपाटांत ठेवलेले बरे. किल्ली न सांपडल्यास डिस्क शाबूत असूनहि तींतील अक्षर वाचतां येत नाहीं, आणि वर दिलेलें 'डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी' हें आश्वासनहि तेथें लागू पडत नाहीं.

विजेविषयीं एक गंमतीची गोष्ट सोलापूरकरांस ठाऊक असावी. दक्षिणेकडील राज्यांचें वीजजाळें उर्वरित देशाच्या जाळ्याशीं एका तालावर आलें तें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनें. सर्व देश ५० हर्ट्‌झच्या एकाच ठेक्यावर चालूं लागला तो याच शहराच्या वेशीपाशीं. पण देशाचें जाळें कितीहि भक्कम असलें तरी गल्लींतील खांबावरची तार वळवाच्या पहिल्या वाऱ्यास तुटते ती तुटतेच, आणि संगणकाचा संबंध येतो तो त्या तारेशीं.

म्हणून जेथें वीज बेभरंवशाची आहे तेथें दुपारच्या जेवणापुरती झोप ठीक. रात्रीसाठीं व गांवाला जातांना हायबरनेट किंवा खरें शट डाउन बरें, आणि त्यानंतर भिंतींतील बटणहि बंद करावें, म्हणजे कपॅसिटरांस तेवढी विश्रांति. घरांत इन्व्हर्टर असेल तर त्यावर बहुधा दोन रीतींची कळ असते. संगणक त्यावर चालवावयाचा असल्यास ती यूपीएसच्या बाजूस ठेवावी. साध्या रीतींत वीज गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज येईपर्यंत जो पापणी लवण्याइतका अवकाश जातो, तो पंख्यास व दिव्यास जाणवत नाहीं. पूर्ण भारावर असलेला एसएमपीएस मात्र साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि जागा असलेला संगणक तेवढ्यांत धाडकन् बंद पडतो. निजलेल्यापेक्षां जाग्यालाच हा धोका अधिक.

वरील घरीं सूनबाईंनीं कॅप्स लॉक पाहिला, मोबाईलची तार काढली, प्लग काढून बटण दाबून धरलें आणि सासऱ्यांना चहा दिला. तेवढा वेळ जाऊं देण्यांतहि उपाय होता. यानंतर यंत्र उठलें नसतें तर दुकानाची वाट धरणें प्राप्तच होतें. आणि तेथें जातांना एक चिठ्ठी लिहून कॅबिनेटवर चिकटवावी, कीं यंत्र झोपेंतून उठत नाहीं, एसएमपीएस व रॅम प्रथम तपासावी, डिस्कला हात लावण्यापूर्वीं घरीं फोन करावा. त्या चिठ्ठीखालीं फोनचा आंकडा घालण्यास विसरूं नये.